छोटी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी आणि बर्फ: पहिलाच हिवाळा असेल त्यांच्यासाठी

गाडी चालवता येते म्हणजे बर्फातही चालवता येते असं नसतं, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं आणि तेही ताशी २० च्या स्पीडला. पुढे चौक होता, वळायचं होतं, नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग फिरवलं तर गाडी सरळच. अजून फिरवलं, तरी सरळ. स्टिअरिंग पार शेवटाला टेकलं, ब्रेकचं पेडल पायाखाली थडथडतंय, आणि गाडी आपली निवांत समोरच्या बर्फाच्या ढिगाकडे निघालेली. घाबरून पाय ब्रेकवरून सुटला आणि त्याच क्षणी पुढच्या चाकांना पकड मिळाली, गाडी अशी झटक्यात वळली की समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये जाऊन थांबली. रस्त्यावर कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

नंतर डोकं शांत झाल्यावर कळलं की चूक टायरची नव्हती, मी त्यांच्याकडे एका वेळी दोन कामं मागितली होती. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढची दोन चाकं गाडी ओढतात, तीच वळवतात आणि ब्रेकचं बहुतेक कामही तीच करतात, मागची दोन नुसती मागून फरपटत येतात. म्हणजे घरात कमावणारा एकच आणि सगळी बिलं त्याच्याच नावावर. कोरड्या रस्त्यावर त्याची कमाई इतकी असते की कोणी हिशोब विचारत नाही, पण दाबल्या गेलेल्या बर्फावर ती पाव भागावर येते आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर आठव्या भागावर. तेव्हा पुढचं सगळं वाचताना एवढं धरून ठेवा: पुढच्या चाकांना एका वेळी एकच काम द्यायचं. आधी सरळ रेषेत ब्रेक, मग ब्रेक सोडून वळण, आणि वळण संपत आलं की मग रेस.

पाव आणि आठवा म्हणजे किती ते मीटरमध्ये सांगतो. ताशी ५० ला कोरड्या डांबरावर पूर्ण ब्रेक मारला की गाडी साधारण १२-१३ मीटरमध्ये थांबते, बर्फावर तेच अंतर ५० मीटरच्या आसपास जातं आणि शुद्ध आइसवर जवळजवळ १०० मीटर. यात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही, त्या एका सेकंदात अजून १४ मीटर गेलेले असतात. आता स्पीड ३० वर आणा, आइसवरचे १०० मीटर एकदम ३५ वर येतात. स्पीड थोडा कमी केला की अंतर भरपूर कमी होतं, यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

छोट्या गाडीची बाजूही सांगायला हवी. इंजिनचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच बसलेलं असतं, टायर अरुंद असतात त्यामुळे ते ताज्या बर्फात रुततात आणि खालचा घट्ट थर धरतात, म्हणून या गाड्या जागेवरून निघायला खरं तर चांगल्या असतात. पण निघता आलं म्हणून थांबताही येईल असं समजू नका, बर्फाने फसवलेले बहुतेक लोक इथेच फसतात. शेजारची मोठी फोर व्हील ड्राइव्ह तुम्हाला मागे टाकून भुर्रकन गेली तरी तिला पण ब्रेक चारच चाकांना आहेत, तिच्या मागे लागू नका. दुसरी गोष्ट म्हणजे पोट. छोट्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असतं, बर्फ त्याच्याहून उंच साचला असेल तर गाडी बर्फावर पोट टेकून तरंगते, चाकं हवेत फिरल्यासारखी फिरतात आणि मग कितीही भारी टायर असले तरी उपयोग नाही. असं दिसलं की सरळ घरी बसायचं, नाहीतर रस्ता साफ होईपर्यंत थांबायचं.

आधी टायर, मग बाकी सगळं

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर विंटर टायरवर घाला. उन्हाळी टायरचं रबर ७ डिग्रीच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं आणि कडक रबर रस्त्याला चिकटत नाही, मग बर्फ नसला तरी. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला पकडतात. विकत घेताना टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह आहे का बघा, ते बर्फावर टेस्ट झालेल्या टायरलाच मिळतं. नुसतं एम प्लस एस (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते कंपनीने आपणहून लिहिलेलं असू शकतं, त्याला कुठलीही टेस्ट लागत नाही. ऑल सीझन टायरवर डोंगराचं चिन्ह असेल तर हलक्या हिवाळ्यात चालून जातं, महिनोन्‌महिने बर्फ असेल तर नाही.

आता नवीन लोकांची सगळ्यात कॉमन चूक. "माझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे ना, मग दोनच टायर घेतो आणि पुढे लावतो, ओढतात तर पुढचेच." ऐकायला बरोबर वाटतं पण हे करू नका, खरंच करू नका. पुढे भरपूर पकड आणि मागे काहीच नाही अशी गाडी वळणावर किंवा उतारावर ब्रेक मारला की पुढून थांबते आणि मागून येतच राहते, म्हणजे सरळ गरकन फिरते. आणि तुम्हाला ते आधी कळतही नाही कारण स्टिअरिंगला तर मस्त पकड जाणवत असते. चारही टायर सारखे हवेत. त्यातल्या त्यात जास्त नक्षी शिल्लक असलेली जोडी मागे लावा.

सेकंड हँड घेत असाल तर टायरच्या बाजूला DOT ने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा, ३५२२ म्हणजे २०२२ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर बर्फासाठी तो टायर संपला समजा, कायद्याची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १.६ मिलिमीटर असते पण कायद्याला काय जातंय. हवा दर दोन आठवड्यांनी बघा कारण तापमान १० डिग्री उतरलं की साधारण २ पीएसआय हवा आपोआप कमी दिसते, आणि मोजायची ती टायर थंड असताना. हवा कमी ठेवली की ग्रिप वाढते असं सांगणारे भेटतील, त्यांना हसून हो म्हणा आणि हवा बरोबर भरा. खिळे असलेले टायर काही देशांत चालतात, काही ठिकाणी चक्क बंद आहेत, तेव्हा तुमच्याकडचा नियम बघूनच घ्या.

चेन, म्हणजे बर्फात पकडीसाठी टायरभोवती बसवायच्या साखळ्या, घ्यायच्या असतील तर त्या पुढच्या चाकांना लागतात, ओढणारी चाकं तीच म्हणून. काही छोट्या गाड्यांत चाक आणि बॉडी यांच्यात जागाच नसते त्यामुळे मॅन्युअल वाचल्याशिवाय घेऊ नका, आणि घेतल्यावर एकदा घरी कोरड्यात लावून बघा, कारण वाऱ्यात अंधारात गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा ती गुंतागुंत सोडवणं म्हणजे शिक्षा आहे. लावल्यावर थोडं पुढे जाऊन थांबा आणि पुन्हा घट्ट करा, ५० च्या वर जायचं नाही, आणि उतारावर लक्षात ठेवा की मागच्या चाकांना चेन नाहीये.

थंडी पडायच्या आत

बॅटरी चार-पाच वर्षं जुनी असेल तर चेक करून घ्या. उणे १८ डिग्रीला बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त जोर हवा असतो, म्हणून उन्हाळ्यात कुरकुर न करणारी बॅटरी पहिल्या कडाक्याच्या सकाळी मान टाकते. जम्पर केबल गाडीत ठेवा आणि क्रम पाठ करा: लाल आधी बंद बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला, काळी दुसऱ्या गाडीच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही तर इंजिनच्या एखाद्या उघड्या धातूच्या भागाला. काढताना उलट क्रम.

काच धुवायच्या टाकीत साधं पाणी असेल तर ते काढून टाका आणि न गोठणारं लिक्विड भरा. हे लोक विसरतात आणि मग हायवेवर पुढच्या ट्रकने मीठ आणि चिखल उडवला की समोरचं काही दिसत नाही. कूलंट किती थंडीपर्यंत टिकेल ते मेकॅनिककडून बघून घ्या, पाणी आणि अँटिफ्रीझ निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ पर्यंत चिंता नाही. दरवाजांच्या रबरला सिलिकॉनचा हात फिरवा म्हणजे दरवाजा चिकटून बसणार नाही. डिझेल गाडी असेल तर हिवाळ्याचं डिझेल सुरू झाल्यावर टाकी भरून घ्या, उन्हाळ्यातलं उरलेलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टर बंद पडतो.

डिकीत छोटं फावडं, स्क्रेपर आणि ब्रश, वाळूची एक पिशवी, टॉर्च, जाड ब्लँकेट, हातमोजे, पाणी, फोनचा चार्जर. पण वजन म्हणून डिकीत गोण्या भरू नका, तो सल्ला मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांसाठी आहे, आपल्या गाडीत मागे वजन टाकलं की पुढची चाकं उलट हलकी होतात.

निघायच्या आधीची १५ मिनिटं

सगळा बर्फ काढा. सगळा म्हणजे छतावरचा पण. फक्त समोरच्या काचेत वहीएवढं भोक पाडून निघालेले लोक दिसतात, त्यांनी पुढच्या सिग्नलला ब्रेक मारला की छतावरचा अख्खा थर सरकून काचेवर येतो आणि वायपरला तो पेलत नाही. हेडलाइट, मागचे दिवे, नंबर प्लेट पुसा. एलईडी दिवे फारसे तापत नाहीत म्हणून त्यांच्यावर साचलेला बर्फ आपोआप वितळत नाही, वाटेत थांबून परत पुसावे लागतात. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. वायपर चिकटलेले असताना चालू केले तर फ्यूज किंवा मोटर जाते, आधी हाताने सोडवा.

आतून काचेवर वाफ धरली असेल तर ब्लोअर काचेकडे, हवा बाहेरून घेण्यावर, आणि हीटरसोबत एसी चालू करा. हिवाळ्यात एसी कशाला असं वाटेल पण तो हवेतली ओल काढतो, दोन मिनिटांत काच साफ. गाडी गरम करायची म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, त्या धुराने माणूस मरतो. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ दारातच झटका, नाहीतर ऐन वेळी पाय क्लचवरून सटकतो. आणि तो फुगीर जाकीट काढून मागच्या सीटवर टाका, बेल्ट अंगाला लागून बसला पाहिजे.

पहिल्या बर्फात आधी रिकाम्या जागेत जा

मोठं रिकामं पार्किंग, जिथे परवानगी आहे, खांब आणि कठडे लांब आहेत अशी जागा शोधा. ताशी ३० ला जा आणि ब्रेक पूर्ण दाबून धरा, पेडल थडथडेल, खालून करकर आवाज येईल, ते एबीएस आहे, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, काही मोडलेलं नाही. पहिल्यांदा रस्त्यावर हे झालं की लोक दचकून पाय उचलतात, म्हणून इथेच सवय करा. मग २० ला वळता वळता ब्रेक दाबा आणि गाडी कशी सरळ निघते ते बघा, मग ब्रेक हळूहळू सोडत जा आणि कुठल्या क्षणी ती वळायला लागते ते पकडा. दहा वेळा करा. माझ्या त्या चौकातल्या प्रकारानंतर मी हे केलं, आधी करायला हवं होतं. हे अर्धा तास केलेला माणूस आणि न केलेला माणूस यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

जागेवरून निघणं

चाकं सरळ ठेवा. मॅन्युअल असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी सावकाश सोडत, रेस जवळजवळ न देता. पहिल्या गिअरमध्ये चाकांवर जोर जास्त येतो आणि ती जागेवर फिरतात. ऑटोमॅटिकमध्ये स्नो किंवा विंटर मोड असेल तर तो लावा, नसेल तर ब्रेक सोडून गाडी आपणहून सरकू द्या. चाक फिरलं की सगळ्यांचा पाय अजून खाली जातो, हात जोडतो, उलट करा. फिरणारं चाक खालचा बर्फ वितळवून गुळगुळीत आरसा करतं, आणि मग त्या आरशावर तुम्हालाच चढायचं असतं. पाय उचला, परत हळू.

ब्रेक आणि अंतर

पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर ठेवा. तिने एक खांब ओलांडला की मोजायला लागायचं. मध्ये कोणी घुसतं, घुसू दे, परत मागे व्हा. चौक लांबून दिसला की रेस सोडा, गिअर एक एक करून उतरवा, मग हलका ब्रेक. स्टॉप लाइनजवळची शेवटची काही मीटरं सगळ्यात वाईट, कारण तिथे दिवसभर सगळ्यांनी ब्रेक मारून बर्फ पॉलिश केलेला असतो. म्हणजे थांबायचं काम त्या पॉलिशच्या अलीकडेच उरकायचं.

अचानक थांबायची वेळ आली आणि एबीएस आहे तर पेडल पूर्ण दाबा, दाबूनच ठेवा, आणि स्टिअरिंग जिकडे मोकळी जागा आहे तिकडे हळू. जुन्या गाडीत एबीएस नसेल तर चाकं लॉक झाली की पाय जरा सैल करा, परत दाबा. खोल भुसभुशीत बर्फात एबीएसमुळे अंतर थोडं वाढूही शकतं, पण स्टिअरिंग हातात राहतं. क्रूझ कंट्रोल बर्फात बंद म्हणजे बंद, चाक घसरलं तरी स्पीड राखायला ते रेस देतं.

वळणावर घसरली तर

दोन प्रकारे घसरते. पहिला प्रकार रोजचा: पुढची चाकं घसरतात आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते. हात आपोआप स्टिअरिंग अजून फिरवायला जातात आणि तीच चूक, जास्त वाकडं झालेलं चाक नांगरासारखं नुसतं बर्फ ढकलतं. रेस सोडा, ब्रेकवर असाल तर तोही सैल करा, स्टिअरिंग थोडं सरळ आणा, पकड आली असं हाताला जाणवलं की परत हळू वळवा. एक सेकंदाचं काम आहे पण तो सेकंद फार मोठा वाटतो.

दुसरा प्रकार कमी होतो पण जास्त घाबरवतो, मागची बाजू बाहेर फेकली जाते. वळणात जोरात आहात, भीती वाटली, पाय एकदम रेसवरून उचललात, वजन सगळं पुढे गेलं, मागची हलकी चाकं सुटली. यात ब्रेक मारायचा नाही. मागची बाजू उजवीकडे जात असेल तर स्टिअरिंगही उजवीकडे, नजर तुम्हाला जायचंय त्या रस्त्यावर, ज्याला धडकायची भीती वाटते त्या खांबावर नाही. मॅन्युअल असेल तर क्लच दाबा. अनुभवी लोक इथे हलकी रेस देतात, पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात, हे खरंच होतं, पण हे आधी रिकाम्या पार्किंगमध्ये. गाडी सरळ व्हायला लागली की स्टिअरिंग लगेच परत आणा नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फेकली जाते, आणि ती दुसरी फेक पहिलीपेक्षा जोरात असते. ईएससी, म्हणजे गाडी घसरताना आपोआप सावरणारी यंत्रणा, असेल तर ती एकेका चाकाला ब्रेक लावून बरंच सावरते, पण ग्रिप ती पण तयार करू शकत नाही.

हँडब्रेक चालू गाडीत विसरून जा, तो मागची चाकं लॉक करतो आणि दुसरा प्रकार स्वतःच्या हाताने घडवतो.

लेन बदलताना मधल्या लगद्याच्या पट्ट्यावरून जावं लागतं, अर्धवट वितळलेला जड बर्फ असतो तो, हलक्या गाडीला एका बाजूला खेचतो. रेस न बदलता, स्टिअरिंग जेमतेम हलवून, तिरकं तिरकं पार करा. बर्फ काढणाऱ्या गाडीला ओव्हरटेक करू नका, तिच्या मागचा रस्ता हा त्या वेळचा सगळ्यात चांगला रस्ता असतो.

चढ आणि उतार

चढावर वेग पायथ्याशीच घ्यायचा, मधे नाही. पुढची गाडी चढून जाऊ दे, मग निघा, कारण अर्ध्यात थांबलात तर परत निघणं अवघड. चढावर वजन मागे सरकतं आणि आपली ओढणारी चाकं नेमकी पुढे, म्हणून फ्रंट व्हील ड्राइव्हची खरी परीक्षा इथे असते. चाकं फिरायला लागली तर रेस किंचित कमी करा, गाडी हळू झाली तरी चालेल, थांबली नाही म्हणजे झालं. थांबलीच तर हट्ट नको, सरळ मागे पाहून खाली या आणि परत प्रयत्न करा नाहीतर दुसरा रस्ता. घराच्या छोट्या उताराच्या वाटेवर एक जुनी युक्ती आहे, उलटं तोंड करून रिव्हर्समध्ये चढायचं. मग ओढणारी चाकं खालच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर पडतं. चालते, पण रहदारीच्या रस्त्यावर नाही.

उतारावर वरूनच दुसरा गिअर घालून निघा. न्यूट्रलमध्ये कधीच नाही. इंजिन ब्रेकिंग चांगलं, पण आपल्या गाडीत तेही पुढच्याच दोन चाकांवर येतं, त्यामुळे आइसवर पहिला गिअर झटक्यात घातला तर चाकं ब्रेक मारल्यासारखी घसरतात. असं झालं तर क्लच दाबा, चाकं फिरू द्या, मग हलका ब्रेक.

न दिसणारा बर्फ

ब्लॅक आइस काळा नसतो, पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं म्हणून रस्ता ओला वाटतो. तापमान शून्याच्या आसपास आणि रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाहीये, तर ते पाणी नाही. पुलावर आधी जमतो कारण पुलाला खालूनही थंड हवा लागते, मग झाडांच्या सावलीत, सावलीतल्या वळणांवर, पहाटे. डॅशबोर्डवर ३ डिग्री दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका, ते हवेचं तापमान आहे, निरभ्र रात्री रस्ता त्याच्याहून गार असतो. आणि एक उलटं वाटणारं सत्य, उणे २० पेक्षा शून्याजवळचा बर्फ जास्त निसरडा, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. मीठ टाकलंय म्हणूनही फार भरवसा नको, उणे १० च्या पुढे साधं मीठ फारसं काम करत नाही.

त्याच्यावर आलात हे कानाला आणि हाताला आधी कळतं, टायरचा आवाज एकदम बंद होतो आणि स्टिअरिंग हलकं होतं. तेव्हा काहीच करायचं नाही. ब्रेक नाही, रेस नाही, वळवणं नाही, स्टिअरिंग सरळ धरून पलीकडे जाऊ द्या. शरीर ओरडत असतं काहीतरी कर म्हणून, पण बहुतेक वेळा तो पट्टा काही मीटरचाच असतो.

अडकलात तर

पहिल्या दोन प्रयत्नांत निघाली नाही तर खाली उतरा. चाकांसमोरचा आणि मागचा बर्फ फावड्याने काढा, पोटाखालचा पण, पुढच्या चाकांखाली वाळू टाका, नसेल तर गाडीत पायाखाली असतात ते रबरी मॅट. मॅट टाकलं तर मागे कोणी उभं राहू नये, ते बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागेवर फिरू न देणारी यंत्रणा) तात्पुरतं बंद करा कारण ते इंजिनची ताकदच कापतं, आणि बाहेर आलात की आठवणीने परत चालू. मग दुसरा गिअर, रिव्हर्स, दुसरा, रिव्हर्स असं झोका देत गाडी हलवा, प्रत्येक वेळी थोडी जास्त. ऑटोमॅटिकमध्ये हे थोडंच करा, गिअरबॉक्स तापतो.

आणि पूर्ण अडकलात, रस्ता बंद, बर्फ पडतोय, तर गाडी सोडून चालायला लागू नका. मदतीला फोन करा, सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना ते बाहेर जाऊन बघा, परत परत बघा, बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. इंजिन तासाला दहाएक मिनिटं चालवा, काच बोटभर उघडी ठेवून. याच्यासाठीच हिवाळ्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही.

गाडी लावताना आणि नंतर

कडक थंडीत हँडब्रेक लावायचा नाही, ओला असेल तर गोठतो. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये किंवा रिव्हर्समध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पीमध्ये, उतार असेल तर चाकं कडेला वळवून. मी एकदा सवयीने ओढला. सकाळी गाडी निघाली, जरा जड वाटली एवढंच, फ्रंट व्हील ड्राइव्ह असल्यामुळे पुढची चाकं बिचारी ओढत राहिली. गल्लीच्या टोकाला आरशात बघितलं तर मागे बर्फावर दोन सरळ गुळगुळीत पट्टे, मागची चाकं एकदाही फिरलेली नव्हती. जोर लावून सोडवायचा नाही अशा वेळी, इंजिन चालू ठेवून थोडं मागे-पुढे करा, मोकळा होतो.

गाडी बंद करायच्या आधी वायपर बंद करा आणि त्यांचे दांडे वर उभे करून ठेवा. रस्त्यावरचं मीठ गाडीचं पोट आणि चाकांच्या कमानी खातं, तेव्हा तापमान शून्याच्या वर गेलेला दिवस बघून खालून धुवून घ्या. धुतल्यावर दरवाजांची रबरं आणि कुलपाची भोकं कोरड्या फडक्याने पुसा, दरवाजे दोन-तीन वेळा उघडझाप करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ गाडीच्या बाहेर हँडल ओढत उभे राहाल. तसं झालंच तर हँडल तोडू नका, दरवाजाला आधी बाहेरून खांद्याने दाबा, बर्फाचा थर कट्‌कन तुटतो, मग उघडा.